तोंडात जाते ते आणि न जाते ते: ग्लुटेन टाळणाऱ्या घरातील वस्तूंचे परीक्षण

‘ग्लुटेनमुक्त’ असे हिरव्या ठळक अक्षरांत छापलेला शाम्पू नेहमीच्या शाम्पूच्या जवळजवळ दुप्पट किमतीला मिळतो. शाम्पू म्हणून तो चांगला आहे. फेस बेताचा होतो, वास सौम्य आहे आणि धुतल्यानंतर केस राठ होत नाहीत. परंतु बाटलीवरील त्या एका शब्दापोटी जे जास्तीचे पैसे मोजावे लागतात, त्यांचे समर्थन मला करता येत नाही. आमच्या घरात सिलिअॅक असलेली, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतील ग्लुटेन हे प्रथिन न चालणारी, शाळकरी मुलगी आहे, आणि तिच्या निदानानंतर न्हाणीघरातील फळीपासून मसाल्याच्या डब्यापर्यंत घरातील प्रत्येक वस्तू आम्हाला उलटून वाचावी लागली. हे परीक्षण त्या वस्तूंचे आहे. उत्पादकांची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण घटक बदलत राहतात आणि आज एका नावावर विसंबून घेतलेली वस्तू पुढल्या खेपेस वेगळ्याच मिश्रणाची निघू शकते. वस्तू तोंडात जाते का, आणि जात असेल तर किती, हीच कसोटी मी प्रत्येक ठिकाणी लावली आहे.

ही कसोटी का, ते आधी सांगणे आवश्यक आहे. सिलिअॅक हा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा आजार आहे. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक परदेशी धान्य) या धान्यांतील ग्लुटेन लहान आतड्यात पोचले, की ही यंत्रणा आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे तेथील सूक्ष्म उंचवटे झिजत जातात. म्हणजे बिघाड होण्यासाठी ग्लुटेन आतड्यात पोचावे लागते. धडधाकट त्वचेतून आत शिरण्याच्या मानाने त्याचा रेणू फार मोठा आहे, त्यामुळे डोक्याला लावून धुऊन टाकलेला शाम्पू, अंग धुण्याचा साबण किंवा पायाच्या भेगांवरचे मलम यांतील गव्हाचा अंश सिलिअॅकच्या रुग्णाचे आतडे बिघडवत नाही. या आजारात काहींच्या अंगावर खाजरे, फोडांचे पुरळ उठते आणि ते पाहून दोष साबणाला देण्याचा मोह होतो, पण ते पुरळसुद्धा खाल्लेल्या ग्लुटेनमुळे येते.

गव्हाची अॅलर्जी हा मात्र निराळा आजार आहे, आणि तेथे हा युक्तिवाद लागू होत नाही. जपानमध्ये चेहरा धुण्याचा एक साबण अतिशय लोकप्रिय झाला होता. त्यात गव्हाचे जलविघटित प्रथिन, म्हणजे पाण्याच्या साहाय्याने तुकडे केलेले प्रथिन, घातलेले होते. रोज चेहऱ्यावर आणि डोळ्यांभोवती चोळल्या जाणाऱ्या त्या साबणामुळे, पूर्वी गहू सुखाने खाणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची अॅलर्जी जडली. काहींना गव्हाचे पदार्थ खाऊन थोडे श्रम केले तरी जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येऊ लागली. 2011 मध्ये तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला. पुढे 2017 मध्ये युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांतील अशा प्रथिनांच्या तुकड्यांचा सरासरी रेणुभार 3.5 किलोडाल्टनपेक्षा (किलोडाल्टन हे रेणूंच्या वजनाचे एकक) अधिक नसावा, असे बंधन घातले. म्हणून ज्या घरात गव्हाची अॅलर्जी आहे, त्यांनी शाम्पू आणि साबणाची बाटली अवश्य वाचावी. आमच्यासारख्या केवळ सिलिअॅकच्या घराने ती वाचली तर उत्तम, पण दुप्पट पैसे देऊ नयेत. मुलगी डोळे मिटून, तोंड बंद ठेवून डोके धुते, तेवढे पुरते.

ओठांच्या वस्तू याला अपवाद ठरतात, कारण तेथे लावलेले थोडे ना थोडे पोटात जातेच. घटकांच्या यादीत गहू बहुधा लॅटिन नावाने येतो: ट्रिटिकम व्हल्गेअर म्हणजे गहू, होर्डियम व्हल्गेअर म्हणजे जव, सेकाले सेरेआले म्हणजे राय. अवेना सटायवा म्हणजे ओट. ओटमध्ये मुळात हे ग्लुटेन नसते, पण शेतापासून गिरणीपर्यंत त्यात गहू मिसळण्याचा धोका मोठा असतो. भारतात 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार घटकांची यादी छापणे बंधनकारक आहे; मात्र खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ‘यात गहू आहे’ अशी जी वेगळी सूचना द्यावी लागते, तशी प्रसाधनांवर द्यावी लागत नाही. त्यामुळे ती लॅटिन नावे वाचकाला स्वतःच शोधावी लागतात.

यादी शोधणे हेच एक काम आहे. मी मुलीसाठी घेतलेल्या ओठांच्या बामची यादी कांडीवर नव्हतीच. ती होती बाहेरच्या कागदी खोक्याच्या तळाशी, चकाकत्या जांभळ्या रंगावर करड्या अक्षरांत, आणि अक्षरे इतकी बारीक की मोबाइलने छायाचित्र काढून ते मोठे केल्याशिवाय एकही शब्द लागला नाही. मोठे केल्यावर यादीच्या उत्तरार्धात ट्रिटिकमचे अंकुरतेल सापडले. हे खोके घरी आल्याबरोबर कोणीही कचऱ्यात टाकते, आणि मग त्या कांडीत काय आहे हे सांगणारे घरात काहीच उरत नाही. बाम म्हणून ती वस्तू बरी असूनही या एका कारणासाठी मी तिला कमी गुण देते. आता मी खोक्याचा तो भाग कापून कांडीला चिकटपट्टीने गुंडाळून ठेवते. दिसायला ते ओंगळ आहे, पण मुलीची मैत्रीण तिला ‘दे ना तुझा बाम’ म्हणाली किंवा उलट झाले, तर दोघींनाही वाचता येते.

इतके सांगूनही, ओठांच्या रंगाविषयी आणि टूथपेस्टविषयी जी भीती घातली जाते ती प्रमाणाबाहेर आहे, असे माझे मत हिशेब केल्यावर झाले. इटलीतील संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका तपासणीत टूथपेस्ट, गुळण्यांची द्रावणे, ओठांचे बाम आणि लिपस्टिक अशा 66 वस्तू तपासल्या होत्या. त्यांपैकी 62 वस्तूंत ग्लुटेन किलोमागे 20 मिलिग्रॅम या मर्यादेच्या आत होते. उरलेल्या 4 वस्तूंत, म्हणजे 3 टूथपेस्ट आणि 1 लिपस्टिक यांत, ते त्याहून अधिक आढळले. ‘ग्लुटेनमुक्त’ खाद्यपदार्थासाठी आपल्याकडील अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही किलोमागे 20 मिलिग्रॅम हीच मर्यादा ठेवली आहे. आता समजा, एखाद्या टूथपेस्टमध्ये किलोमागे 30 मिलिग्रॅम ग्लुटेन आहे आणि मुलाने ब्रशवरची पूर्ण एक ग्रॅम पेस्ट गिळली. तरी पोटात जाणारे ग्लुटेन 0.03 मिलिग्रॅम. दिवसाकाठी 10 मिलिग्रॅमपर्यंतचे ग्लुटेन बहुतेक रुग्णांना इजा करत नाही, असे सामान्यतः मानले जाते. तिथवर पोचण्यासाठी दिवसाला तीनशेहून अधिक ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन मोठ्या ट्यूब, गिळाव्या लागतील. म्हणून आमच्या घरात टूथपेस्ट नेहमीचीच आहे. तिच्या यादीत सॉर्बिटॉल, सिलिका, सेल्युलोजचा गोंद अशी नावे आहेत, गव्हाचे काही नाही. दातांसाठी स्वतंत्र ‘ग्लुटेनमुक्त’ ट्यूब मागवण्यात मला अर्थ दिसत नाही.

अर्थ दिसतो तो हिंगात. न्हाणीघरातील सगळ्या फळ्या मिळून जेवढी काळजी मागत नाहीत, तेवढी स्वयंपाकघरातील ही लहानशी डबी मागते, आणि गंमत म्हणजे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. हिंग हा फेरुला जातीच्या झुडपाच्या मुळांतून पाझरणारा चीक आहे. तो आपल्याकडे प्रामुख्याने अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तान येथून येतो. आपल्याकडे लागवडीचा प्रयत्न 2020 मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात सुरू झाला. मूळ चीक इतका उग्र असतो की तो तसाच विकण्याऐवजी त्यात डिंक आणि पीठ मिसळून ‘बांधणी हिंग’ तयार करतात. हे पीठ तांदळाचे असू शकते, मैद्याचेही असू शकते. आपण रोज फोडणीत टाकतो ती पिवळसर पूड बहुतांशी अशी असते, आणि वेष्टनावरील यादीत मैदा किंवा गव्हाचे पीठ उघडउघड लिहिलेले असते. यात फसवणूक नाही. वरणाच्या फोडणीत गहू असेल, अशी शंकाच कोणाला येत नाही, एवढेच.

टूथपेस्टचा हिशेब केला तसाच येथे करून पाहावा. एक चिमूट हिंगपूड साधारण 0.2 ग्रॅम धरू. तिच्यात निम्मा मैदा आहे असे मानले, तर 0.1 ग्रॅम मैदा झाला. मैद्यात सुमारे दहा टक्के प्रथिन असते आणि त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग ग्लुटेनचा असतो. म्हणजे त्या एका चिमटीत साधारण 8 मिलिग्रॅम ग्लुटेन आले. चौघांच्या वरणात ते वाटले गेले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 2 मिलिग्रॅम येते. वरण, भाजी, कोशिंबीर, संध्याकाळची आमटी अशा चार फोडण्या दिवसाला धरल्या, तर 8 मिलिग्रॅम. लोणच्यातला हिंग वेगळा, पापडातला वेगळा. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतल्यानंतर रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराची हानी झाल्याचे दिसले होते. हिंगाचा आकडा त्याच्या बराच खाली असला, तरी 10 मिलिग्रॅमच्या सुरक्षित मर्यादेला तो जवळजवळ टेकतो, आणि चिमूट जरा मोठी झाली की ती ओलांडतो.

यावर उपाय म्हणून मंडईजवळच्या एका मसाल्याच्या दुकानातून खडा हिंग आणावा, असे ठरवले. दुकानदार म्हणाले, “ताई, पूड नका घेऊ, खडा घ्या, खड्यात काही मिसळत नाहीत.” त्यांचा हेतू स्वच्छ होता. मी मूळ डबा दाखवण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी वरच्या फळीवरून पत्र्याचा मोठा डबा काढला आणि आम्ही दोघांनी मिळून त्याच्यावरील यादी वाचली: डिंक, मैदा, हिंग. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा वाचले आणि म्हणाले, “इतकी वर्षे विकतोय, वाचलं नव्हतं.” त्यांनी मग आतल्या खणातून निखळ चिकाचा एक तुकडा आणून दाखवला. तांबूस तपकिरी, बोटाला मेणासारखा चिकटणारा तो तुकडा कागदात तीन पदरी बांधला, तरी घरी येईपर्यंत पिशवीतल्या कोथिंबिरीला त्याचा वास लागला होता.

निखळ चिकाविषयी माझे मत संमिश्र आहे. सुगंधाला तोड नाही, आणि मोहरीएवढा कण कोमट पाण्यात विरघळवून घातला तरी पातेलेभर आमटीला पुरतो. किंमत भरमसाट वाटते, पण लागतो इतका थोडा, की महिन्याचा खर्च पुडीच्या फार पुढे जात नाही. अडचण वापरात आहे. घाईच्या सकाळी कण मोडत बसणे जमत नाही, आणि हात थोडा सैल पडला की भाजी कडवट होते. त्याशिवाय सुट्या वस्तूला वेष्टन नाही आणि वेष्टन नाही म्हणजे यादी नाही. तो तुकडा ज्या तागडीत मोजला, तीत आधी काय मोजले होते, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून रोजच्या वापरासाठी तांदळाच्या पिठात बांधलेली, सीलबंद पूड मी पसंत केली. ती रंगाने फिकट असते आणि तापलेल्या तेलात टाकल्यावर मैद्याच्या पुडीसारखी चटकन फुलत नाही, पण वास स्वच्छ येतो. घेताना यादीच्या खालची ओळही पाहावी. एका डबीवर पीठ तांदळाचेच होते, पण ‘या कारखान्यात गव्हावरही प्रक्रिया होते’ असे छापलेले होते. ती मी तेथेच ठेवली. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील, तर ते या डबीसाठी द्यावेत.

हातांना लागणाऱ्या वस्तूंचा विचार त्यानंतर येतो, कारण आपण हाताने जेवतो. हातांच्या क्रीममध्ये ओटचे पीठ किंवा गव्हाचे प्रथिन असले आणि ते लावून लगेच भाकरी मोडली, तर क्रीमचा अंश घासाबरोबर पोटात जातो. आम्ही साधे ग्लिसरीन ठेवले आहे, त्यामुळे हा प्रश्न उरला नाही. मुलांच्या खेळातील प्ले-डो या रंगीत कणकेत गहू आहे आणि उत्पादक तसे डब्यावर स्पष्ट छापतो, ही गोष्ट कौतुकाची आहे. वॉशिंग्टनमधील बालरुग्णालयाच्या डॉक्टरांनी 2020 च्या सुमारास शाळेतील वस्तूंची एक तपासणी प्रसिद्ध केली. प्ले-डो हाताळल्यानंतर मुलांच्या हातावर ग्लुटेन फारसे उरले नाही. शिजवलेला पास्ता, ओली कणीक आणि कागदाच्या लगद्याचे काम यांनंतर मात्र ते हातावर आणि टेबलावर पुष्कळ सापडले. साबण आणि पाण्याने हात धुणे हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरला.

त्या लगद्याचा आपल्याकडचा नातलग म्हणजे मैद्याची खळ. दिवाळीच्या आधी शाळेत आकाशकंदील करताना, संक्रांतीला पतंग चिकटवताना मुले मनगटापर्यंत खळ माखून घेतात आणि तीच बोटे डब्यातल्या चिवड्यात जातात. वर्गशिक्षिकेला सांगितल्यावर त्यांनी तांदळाच्या पिठाची खळ करून दिली. ती चिकटते चांगली, वाळायला मात्र वेळ घेते, आणि घोटीव कागदावर तिचे पांढरे डाग राहतात. दिवाळीचे उटणे स्वतः धोक्याचे नसते, कारण त्यात बहुधा चंदन, नागरमोथा, वाळा, आंबेहळद आणि डाळीचे पीठ असते. पण पाकीट वाचून घ्यावे. बाळाच्या अंगावरची लव काढण्यासाठी कणकेचा गोळा फिरवण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे. बाळाची मूठ सदैव तोंडात असते, त्यामुळे ज्या घरात आजाराचे निदान झालेले आहे तेथे तो गोळा नाचणीच्या किंवा डाळीच्या पिठाचा करावा.

भुकटीच्या रूपातील पीठ हे या सगळ्यांत अधिक त्रासाचे आहे, कारण ते हवेतून नाकात, घशात आणि तेथून पोटात जाते. जनावरांचे धान्यमिश्रित खाद्य हाताळणाऱ्या दोन शेतकऱ्यांचा आजार आहार काटेकोर पाळूनही आटोक्यात येत नव्हता. खाद्याच्या धुळीतील ग्लुटेन श्वासावाटे जात असल्याचे निदान 2007 मध्ये नोंदवले गेले. घरघंटीच्या खरेदीत याचा विचार व्हायला हवा. एकाच घरघंटीत आधी गहू आणि मग ज्वारी दळली, तर भाकरीत गहू आलाच. आमची घरघंटी गव्हाला कधी लावलीच नाही, आणि इतरांसाठीचा गहू बाहेरच्या गिरणीत जातो. भांडी घासण्याच्या साबणात गव्हाचे काही सापडले नाही. पण कणकेची परात घासलेल्या घासणीच्या दोऱ्यांत कणीक अडकून राहते, म्हणून मुलीच्या भांड्यांसाठी निळी घासणी वेगळी आहे. गव्हाच्या कोंड्यापासून दाबून केलेल्या ‘पर्यावरणस्नेही’ ताटल्या आणि खाण्यायोग्य कप हल्ली लग्नसमारंभांत दिसतात. सिलिअॅकच्या माणसाने त्यांना हात लावू नये. त्यावर वाढलेला गरम, ओला पदार्थ कोंडा सोडवून घेतो.

सर्वांत कमी गुण मी औषधांच्या वेष्टनांना देते. गोळीच्या पट्टीवर मुख्य औषधाचे नाव आणि मात्रा असते, आणि उरलेले सगळे बहुधा ‘एक्सिपियंट्स क्यू. एस.’, म्हणजे ‘पूरक घटक, पुरेसे’, एवढ्यातच गुंडाळलेले असते. गोळी बांधण्यासाठी वापरलेला स्टार्च मक्याचा, बटाट्याचा, तांदळाचा की गव्हाचा, हे त्यावरून कळत नाही, आणि भारतीय औषधकोशाला हे सर्व स्रोत मान्य आहेत. प्रत्यक्षात मक्याचा स्टार्च अधिक आढळतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये काढलेल्या मसुद्यात, गव्हाचा स्टार्च वापरला तरी एका मात्रेत 0.5 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असणे अपेक्षित नाही, असे म्हटले आहे. चार दिवसांच्या तापाच्या गोळ्यांसाठी एवढ्याने समाधान होते. रोज आणि आयुष्यभर घ्यायच्या गोळीसाठी होत नाही. आयुर्वेदिक औषधांवर निदान वनस्पतींची नावे असतात. यवक्षार जवाच्या रोपाची राख करून काढतात, त्यामुळे त्यात प्रथिन उरत नाही. अगस्त्य हरितकी या अवलेहात मात्र प्रत्यक्ष जव शिजवलेले असतात, आणि खोकल्यावर तो अवलेह सुचवणाऱ्या वैद्यांना आजाराची कल्पना आधीच द्यावी.

मुलीच्या रोजच्या कॅल्शियमच्या गोळीविषयी मी उत्पादकाच्या ग्राहकसेवेला दूरध्वनी केला. पहिल्या वेळी ‘आमचे उत्पादन शाकाहारी आहे’ असे उत्तर मिळाले, ज्याचा प्रश्नाशी संबंध नव्हता. त्यानंतर गोळीचे नाव, घाणा क्रमांक (बॅच नंबर) आणि ‘स्टार्चचा स्रोत कोणता, आणि त्याच यंत्रावर गव्हाचा स्टार्च वापरला जातो का’ एवढेच दोन प्रश्न लिहून मेल पाठवला. उत्तर यायला बरेच दिवस लागले, परंतु आले ते गुणवत्ता विभागाच्या सहीनिशी आणि मुद्द्याला धरून आले: स्टार्च मक्याचा, यंत्रावर गहू नाही. ते पत्र छापून औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवले आहे, आणि घाणा क्रमांक बदलला की तेच दोन प्रश्न पुन्हा पाठवते.